जुनं कोर्ट ‘होतं तसं’ करायचं म्हणजे नेमकं काय? टेक्सासमधल्या एका कचेरीची गोष्ट

डॅलसला मुलांकडे आलेल्या आईबाबांना एखाद्या शनिवारी वॉक्सहॅचीला नेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “हा राजवाडा कुणाचा?” गावाच्या मधोमध लाल दगड आणि गुलाबी ग्रॅनाइटची इमारत, चारी अंगांनी बुरूज, कमानी, खांबांच्या माथ्यावर कोरलेले चेहरे आणि वर घड्याळाचा उंच मनोरा. राजवाडा नव्हे, एलिस काउंटीचं कोर्टहाऊस आहे असं सांगितलं की दुसरा प्रश्न येतो. सव्वाशे वर्षांच्या सरकारी कचेरीवर एवढा खर्च कशाला करायचा? पाडून नवी का बांधत नाहीत? आणि ‘होती तशी केली’ म्हणतात, म्हणजे नक्की काय केलं? रंग दिला?

प्रश्न अगदी रास्त आहेत. उत्तरासाठी मात्र जरा मुळापासून सुरुवात करावी लागते.

काउंटी कोर्टहाऊस म्हणजे फक्त कोर्ट नव्हे

अमेरिकेत राज्याच्या खालचा कारभाराचा टप्पा म्हणजे काउंटी. आपण तिला ‘जिल्हा’ म्हणतो, पण आकाराने ती बरेचदा आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढीच भरते. एकट्या टेक्सासमध्ये अशा २५४ काउंट्या आहेत. देशातल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात इतक्या नाहीत. प्रत्येक काउंटीचं एक मुख्य गाव असतं आणि त्या गावच्या चौकात कोर्टहाऊस.

नावात कोर्ट असलं तरी तिथे खटल्यांखेरीज बरंच काही चालतं. जमिनीचे दस्त, लग्नाचे परवाने, जन्ममृत्यूच्या नोंदी, कराचा भरणा, निवडणुकीची कामं हे सगळं पूर्वी याच एका छपराखाली होई. आपल्याकडची तहसील कचेरी, दुय्यम निबंधकाचं कार्यालय, दिवाणी न्यायालय आणि थोडीशी जिल्हा परिषद एकाच वाड्यात नांदते आहे असं समजा. टेक्सासमध्ये तर गोंधळात भर म्हणून काउंटीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचंच नाव ‘कमिशनर्स कोर्ट’ आहे. त्यात चार कमिशनर आणि एक काउंटी जज असतो. तो लोकांमधून निवडून येतो आणि तो वकील असलाच पाहिजे असं नाही. या मंडळाचं मुख्य काम अंदाजपत्रक, रस्ते आणि पूल.

म्हणून या इमारतीशी प्रत्येक घराचा कधी ना कधी संबंध आलेला असतो. आजोबांनी शेत घेतलं तो दस्त इथला आणि नातीच्या लग्नाचा परवानाही इथलाच.

कचेरीला इतका थाट कशाला?

एलिस काउंटी स्थापन झाली १८४९ च्या अखेरीस. तिची पहिली कचेरी लाकडी ओंडक्यांची होती. तिथून या दगडी मनोऱ्यापर्यंत पोचायला पन्नास वर्षंही लागली नाहीत, आणि त्यामागे दोन कारणं होती, कापूस आणि कर्जरोखे.

इथली काळी चिकणमाती विदर्भातल्या माणसाला लगेच ओळखू येईल. पावसात पायाला चिकटणारी, उन्हात भेगा पडणारी, कापसाला मानवणारी. रेल्वे आली आणि एलिस काउंटी देशातल्या आघाडीच्या कापूस पिकवणाऱ्या काउंट्यांमध्ये गणली जाऊ लागली. दुसरीकडे १८८१ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने काउंट्यांना कोर्टहाऊस बांधण्यासाठी कर्जरोखे काढायची मुभा दिली. कर्जरोखा म्हणजे सरकारने लोकांकडून पैसे उसने घेऊन दिलेली व्याजाची चिठ्ठी. ही वाट मोकळी झाल्यावर पुढची वीस वर्षं राज्यभर कोर्टहाऊसं उभारण्याची चढाओढ लागली. शेजारच्या काउंटीचा मनोरा आपल्यापेक्षा उंच कसा, ही ईर्षा अगदी दोन गावांच्या जत्रांमध्ये असते तशीच होती. त्यात व्यवहारही होता. ज्या गावाची कचेरी भक्कम, ते गाव टिकणार अशी व्यापाऱ्यांची आणि नव्याने वस्तीला येणाऱ्यांची खात्री पटे.

वॉक्सहॅचीच्या इमारतीची कोनशिला १८९५ मध्ये बसली आणि १८९७ मध्ये काम पुरं झालं. खर्च दीड लाख डॉलरहून जास्त आला, त्या काळाच्या मानाने प्रचंड. वास्तुरचनाकार होते जेम्स राइली गॉर्डन. सॅन अँटोनिओचं बेक्सार काउंटी कोर्टहाऊस त्यांचंच, आणि ॲरिझोनाचं जुनं विधानभवनही. त्यांनी वापरलेल्या शैलीला रिचर्डसोनियन रोमनेस्क म्हणतात. एच. एच. रिचर्डसन या वास्तुरचनाकाराने युरोपातल्या मध्ययुगीन चर्चच्या जाड भिंती आणि अर्धगोल कमानी घेऊन अमेरिकेत रुजवलेली ही शैली. पिट्सबर्गचं कोर्टहाऊस हा तिचा मोठा नमुना. नाव विसरलात तरी चालेल. जाड खडबडीत दगड, गोल कमान आणि बुरूज दिसले की ती ओळखता येते.

त्या कोरलेल्या चेहऱ्यांबद्दल गावात एक गोष्ट सांगतात. एक पाथरवट घरमालकिणीच्या नातीच्या प्रेमात पडला. आधी त्याने तिचा सुंदर चेहरा कोरला, तिने नकार दिल्यावर चेहरे विद्रूप होत गेले. ऐकायला छान आहे, पण इतिहासाच्या अभ्यासकांना ती पटत नाही, आणि मलाही नाही. वेडेवाकडे चेहरे कोरणं हा त्या शैलीचाच भाग होता. आपल्या देवळांच्या चौकटीवर कीर्तिमुख असतं ते काही कुणाच्या प्रेमभंगातून आलेलं नाही.

पंखा नसलेल्या काळातला पंखा

ही इमारत दिसते दागिन्यासारखी, पण मुळात ती हवा खेळवणारं यंत्र आहे. जीर्णोद्धारात काय केलं हे समजायचं तर हे यंत्र आधी समजलं पाहिजे.

टेक्सासचा उन्हाळा नागपूरच्या तोडीचा. १८९५ मध्ये वातानुकूलन नव्हतं आणि कोर्टात खटल्याच्या दिवशी शेकडो माणसं दाटीवाटीने बसत. गॉर्डनने नकाशा अधिकच्या चिन्हासारखा आखला. चार बाजूंना चार पाखं आणि त्यांच्या मधल्या कोपऱ्यांत सावलीचे सोपे. प्रवेश याच सोप्यांतून. बरोबर मध्यभागी जिना, आणि जिन्याच्या डोक्यावर मनोरा. गरम हवा वर चढते. ती मधल्या पोकळीतून मनोऱ्याकडे जाई आणि तिची जागा भरायला सावलीतली गार हवा कोपऱ्यांतून आत ओढली जाई. उंच छत, उंच खिडक्या आणि खोलीच्या दारावर झडप, म्हणजे दार बंद असलं तरी वारा अडायचा नाही.

आपल्या वाड्यातला चौक हेच काम करतो. चौक बुजवून वर पत्रा टाकला की वाडा कोंदट होतो, भिंतींना ओल धरते आणि मग सगळे म्हणतात, “जुनं बांधकामच वाईट.”

मग बिघडलं कुठे?

नेमकं हेच टेक्सासच्या कोर्टहाऊसांचं झालं. विसाव्या शतकाच्या मध्यावर कामं वाढली, माणसं वाढली, जागा पुरेना. मग दोन मजले उंच कोर्टरूमच्या मध्येच नवा स्लॅब टाकून एका खोलीच्या दोन केल्या. वातानुकूलनाच्या नळ्या लपवायला फॉल्स सीलिंग आलं, ते खिडकीच्या अर्ध्यावर. लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवल्या. कुठे मनोराच उतरवला. बेक्सार काउंटीने १९६० आणि ७० च्या दशकांत इमारतीच्या मागच्या अंगाला सरळसोट भर घालून त्या बाजूचं मूळ रूप झाकून टाकलं होतं.

यात कुणी खलनायक नव्हता. प्रत्येकाने आपल्या वेळची अडचण सोडवली. तुंबलेल्या गटारावर फरशी घातल्यासारखं ते झालं. फरशी नीट बसली, पण पाणी खाली मुरत राहिलं.

त्यातच आगी लागू लागल्या. १ जानेवारी १९९३ ला वॉक्सहॅचीपासून तासाभराच्या आत असलेल्या हिल्सबरो गावचं १८९० चं कोर्टहाऊस जळालं. मनोरा कोसळला, भिंती तेवढ्या राहिल्या. त्याच काउंटीत जन्मलेले गायक विली नेल्सन यांनी निधीसाठी कार्यक्रम केला, आणि १९९९ मध्ये इमारत पुन्हा उघडली. त्याच्या आदल्या वर्षी, १९९८ मध्ये, अमेरिकेच्या नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने टेक्सासची कोर्टहाऊसं देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या ठिकाणांच्या यादीत टाकली होती. एका इमारतीचं नाव नव्हे, राज्यातली सगळी कोर्टहाऊसं. १९९९ मध्ये राज्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र अनुदान योजना सुरू केली. टेक्सास हिस्टॉरिकल कमिशन ती चालवतं. आजवर सत्तरहून अधिक इमारतींचा पूर्ण जीर्णोद्धार या योजनेतून झाला. वॉक्सहॅचीचं काम पुरं झालं २००२ मध्ये.

जतन वेगळं, जीर्णोद्धार वेगळा

इथे तीन शब्द नीट वेगळे करून घेऊ. जतन म्हणजे आज जे आहे ते, सगळ्या थरांसह, आणखी बिघडू न देणं. जीर्णोद्धार म्हणजे इतिहासातला एक काळ ठरवून इमारत त्या रूपात आणणं, नंतरची भर काढणं आणि हरवलेलं पुराव्यानिशी परत करणं. पुनर्बांधणी म्हणजे जे उरलंच नाही ते नव्याने उभारणं. अमेरिकेत या प्रत्येकासाठी केंद्र सरकारचे लेखी निकष आहेत.

आपण देवळाचा जीर्णोद्धार म्हणतो तेव्हा बहुतेकदा मनात नवी फरशी, नवा रंग, ग्रॅनाइटच्या पायऱ्या असतात. दगडी खांबांना ऑइल पेंट फासलेली देवळं पाहिली की माझा जीव कळवळतो. कोर्टहाऊसच्या बाबतीत अर्थ जवळजवळ उलटा आहे. इथल्या कामाचा मोठा भाग काढण्याचा असतो. फॉल्स सीलिंग काढा, मधला स्लॅब काढा, पडद्या काढा. मूळ उंचीची कोर्टरूम दिसली की मगच गच्ची, खिडक्या, लाकूडकाम यांना हात लावायचा. बेक्सारने २०१५ च्या सुमारास मागची ती भर पाडली आणि दोन मजले उंच कोर्टरूमही मोकळी केली.

आणि पुरावा लागतो. भिंतीचा मूळ रंग कोणता हे अंदाजाने ठरवत नाहीत. रंगाचा छोटासा पोपडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली आडवा पाहतात. कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर दिसतात आणि सर्वांत आतला थर पहिल्या रंगाऱ्याचा. जुने फोटो, ठेकेदाराची बिलं, मूळ नकाशे यांच्याशी तो ताडून पाहायचा. पुरावा नसेल तर ‘असंच असणार’ म्हणून काही बनवायचं नाही.

“सिमेंटने जास्त मजबूत होईल ना?”

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो, त्यामुळे इथे थोडं थांबते.

जुन्या दगडी भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. आपल्याकडे बैल फिरवून चुन्याची घाणी चालायची, त्यात मळलेल्या चुन्यावर पेशव्यांचे वाडे उभे राहिले. चुना मऊ असतो आणि तो श्वास घेतो, म्हणजे त्यातून पाण्याची वाफ ये-जा करू शकते. पावसाचं पाणी भिंतीत शिरतंच. ते दगडांमधल्या सांध्यांतून, ज्याला आपले गवंडी दरजा म्हणतात, पुन्हा बाहेर पडतं आणि उन्हात उडून जातं. काही वर्षांनी दरजांमधला चुना झिजतो. मग जुना खरवडून नवा भरायचा. चुना झिजतो म्हणून दगड वाचतो. तो बुटाच्या तळव्यासारखा आहे, तळवा बदलता येतो, पाय नाही.

आता त्या दरजांत कडक सिमेंट भरलं तर? वरून भिंत चकचकीत दिसते. पण पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते. ते दगडातूनच बाहेर पडू लागतं आणि जाताना विरघळलेले क्षार दगडाच्या कातडीखाली सोडून जातं. आपण म्हणतो भिंतीला लोणा लागला, तोच प्रकार. क्षारांचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा पापुद्रा सुटून पडतो. वॉक्सहॅचीचा लाल दगड वालुकाश्म आहे, म्हणजे वाळूचे कण दाबले जाऊन झालेला खडक. असल्या मऊ दगडाला हा धोका फार. उन्हात भिंत फुगते, थंडीत आकसते, तेव्हा मऊ चुना दबतो. कडक सिमेंट दबत नाही, ते दगडाची कड फोडतं.

त्याच कारणाने दगड साफ करायला वाळूचा फवारा मारत नाहीत. काळपट थरासोबत दगडाचं वरचं कवचही जातं, आणि कोरीव चेहऱ्याचं नाक एकदा गेलं की गेलं.

कुठल्या सालाकडे परत जायचं?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, कारण त्याचं उत्तर गवंड्याकडे नसतं. इमारत सव्वाशे वर्षं जगली. त्यातलं कुठलं वर्ष ‘खरं’?

बरेचदा बांधून झाली तेच वर्ष धरतात. पण ऑस्टिनच्या उत्तरेला जॉर्जटाउन गावी विल्यमसन काउंटीचं १९११ चं कोर्टहाऊस आहे. २००७ मध्ये त्याचं काम पुरं झालं तेव्हा मुख्य कोर्टरूमच्या बाबतीत एक घटना डोळ्यांसमोर होती. १९२३ मध्ये डॅन मूडी या तरुण सरकारी वकिलाने याच खोलीत कू क्लक्स क्लॅनच्या माणसांवर, एका माणसाला बांधून फटके मारल्याबद्दल, खटला चालवला आणि शिक्षा मिळवली. क्लॅन ही गोऱ्या वर्चस्वासाठी दहशत पसरवणारी संघटना, आणि त्या वर्षांत टेक्सासमध्ये ती इतकी ताकदवान होती की ज्यूरी तिच्याविरुद्ध निकाल देईल असं कुणाला वाटत नव्हतं. मूडी पुढे राज्याचा गव्हर्नर झाला.

जॉर्जटाउनला अभिमानाचा प्रसंग सापडला. सगळ्यांना तसा सापडत नाही. वेको शहरातलं मॅक्लेनन काउंटीचं कोर्टहाऊस गॉर्डननेच आखलेलं. १५ मे १९१६ ला तिथल्या कोर्टरूममधून जेसी वॉशिंग्टन या सतरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला, ज्यूरीने दोषी ठरवल्यावर लगेच, जमावाने ओढून नेलं आणि हजारो लोकांसमोर जाळून मारलं. ती इमारत आजही उभी आहे. दक्षिणेतल्या कित्येक कोर्टरूममधल्या सुंदर लाकडी सज्ज्यांत कृष्णवर्णीयांना वेगळं बसवलं जाई. सज्जा पुन्हा उभारताना हे सांगितलं नाही तर काम अर्धंच झालं, असं मला वाटतं.

“एवढ्या पैशात नवी इमारत झाली असती”

झाली असती, कदाचित. दर चौरस फुटाला जीर्णोद्धार स्वस्त पडतोच असं कुणी छातीठोकपणे सांगू नये. पाथरवट कमी, लाकूडकाम हाताने, आणि भिंत उघडल्याशिवाय आत काय निघेल ते कळत नाही. छोट्या काउंटीला हे एकटीने झेपणं शक्यच नाही. ऑल्बनी गावाची शॅकलफर्ड काउंटी या योजनेतल्या अगदी पहिल्या पूर्ण कामांपैकी. तिची सगळी लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास.

म्हणून योजना देवाणघेवाणीवर उभी आहे. राज्य मोठा वाटा देतं, काउंटीला स्वतःचा वाटा घालावा लागतो, आधी सविस्तर आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो, आणि पुढे मनाला येईल तशी तोडफोड करणार नाही असं कायदेशीर बंधन लिहून द्यावं लागतं. अनुदान घेतलं नाही तरी, कोर्टहाऊस पाडायचं, विकायचं किंवा त्याचं रूप बिघडवायचं तर सहा महिने आधी हिस्टॉरिकल कमिशनला कळवावं लागतं. सहा महिने फार नाहीत, पण गावाला जागं व्हायला पुरतात.

शिवाय सगळी कामं जुन्या इमारतीत कोंबायचा हट्ट नसतो. वॉक्सहॅचीत खटले जवळच्याच नव्या इमारतीत चालतात, आणि जुन्या कोर्टहाऊसात काउंटी जजचं कार्यालय व कमिशनर्स कोर्टाच्या सभा आहेत. रोज दार उघडलं जातं, छत गळलं तर त्याच दिवशी कळतं. कुलूप लावून ‘स्मारक’ केलेल्या इमारतीचं छत गळतं ते पावसाळ्यानंतर कळतं.

सुरक्षिततेची शंकाही खरी आहे. जीर्णोद्धारात वायरिंग, आगीची सूचना देणारी यंत्रणा, पाण्याचे फवारे, लिफ्ट आणि चाकाच्या खुर्चीसाठी वाट हे सगळं नवं येतं. फक्त ते दिसणार नाही असं बसवतात. धोका असतो तो काम सुरू होण्याआधीच्या काळात. मेसन काउंटीचं १९०९ चं कोर्टहाऊस ४ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री कुणीतरी पेटवून दिलं. जीर्णोद्धार सुरू व्हायच्या बेतात होता, त्यासाठी दप्तरं आधीच हलवलेली होती, म्हणून काउंटीच्या नोंदी वाचल्या. दगडी भिंती उभ्या राहिल्या आणि त्यांच्याच आधाराने इमारत पुन्हा उभी केली.

रंगाखालून निघालेली पाटी

वॉक्सहॅचीच्या कामात तळघरातल्या एका भिंतीवरून रंगाचे थर निघाले, आणि खाली अक्षरं दिसली: ‘निग्रोज’, म्हणजे कृष्णवर्णीयांसाठी. जिथे पूर्वी पिण्याच्या पाण्याचा नळ होता त्याच्या वर. कायद्याने पाणी वेगळं ठेवण्याच्या काळातली ही पाटी. पाणी वेगळं ठेवणं म्हणजे काय हे महाडच्या चवदार तळ्यामुळे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आता काय करायचं? १८९७ हे साल धरलं तर पाटी नंतरची, पुसून टाका. जतन म्हटलं तर ठेवा. ती ठेवली गेली. मला ते योग्य वाटतं. गुळगुळीत रंगवलेल्या भिंतीने गावाला खोटं सांगितलं असतं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. २०२० मध्ये काउंटीच्या पहिल्या कृष्णवर्णीय कॉन्स्टेबलने जाहीरपणे तक्रार केली. टेक्सासमध्ये कॉन्स्टेबल म्हणजे साधा शिपाई नव्हे, ते निवडणुकीचं पद आहे. त्यांना कार्यालय दिलं होतं ते तळघरात, त्या पाटीजवळ. बाकीच्या कॉन्स्टेबलांची कार्यालयं दुसरीकडे होती. बातमी देशभर गेली आणि पाटीचं काय करायचं यावर पुन्हा वाद सुरू झाला.

वाद पाटीवर झाला, पण चूक खोली वाटण्यात होती. कुठली भिंत कशी राखायची याचे निकष आहेत, चुना कसा मळायचा याचे आहेत, रंगाचा थर कसा वाचायचा याचेही आहेत. काम झाल्यावर कोणत्या खोलीत कुणी बसायचं, हे मात्र कचेरीतली माणसं नेहमीच्या सवयीने ठरवतात. त्या तळघरात टेबलखुर्ची लावण्याआधी कुणीतरी एकदा खाली उतरून, त्या भिंतीसमोर उभं राहून, ती अक्षरं वाचायला हवी होती.